मुलं गप्प का बसतात, आणि दोन पानांऐवजी दोन ओळी का मागाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, मॅडम: सोलापुरातल्या एका कॉलेजात तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं मानधन मिळणाऱ्या नेमणुकीवर, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकवता. पटावर एकशेवीस, प्रत्यक्षात बसतात साठ-सत्तर. प्रश्न विचारला की माना खाली. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांचा सहभाग, स्वतःच्या शिकण्याबद्दलचं त्यांचं चिंतन वगैरे दिसलं पाहिजे असं वरून आलं, म्हणून तुम्ही ‘या सत्रात मी काय शिकलो’ यावर दोन पानं लिहून आणायला सांगितली. निम्म्यांनी आणलीच नाहीत, बऱ्याच जणांनी एकमेकांचं उतरवलं, आणि काहींचं मराठी इतकं गुळगुळीत की ते चॅटजीपीटीचं आहे हे दुसऱ्या ओळीत कळलं. तुम्ही विचारता, या मुलांना विचार करायचाच नाही का, आणि करायला लावायचा तर कसा, तेही तासिकेच्या मानधनात.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. तास सुटल्यावर पार्किंगमध्ये जरा रेंगाळा. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा तिथं तावातावानं सांगत असतो की मालकानं ओव्हरटाइमचे पैसे कसे धरले आणि त्यात कुठं गोम आहे. दुसरा म्हणतो, ‘का बे, असं कसं?’ आणि मोबाइलवर आकडे मारून दाखवतो. अर्धा तास हे चालतं. दर कसा ठरतो, तो बरोबर आहे का, पुढच्या महिन्यात काय करायचं, सगळं त्यात येतं. याला चिंतन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? ‘या सत्रात मी काय शिकलो’ असं मला कुणी विचारलं तर मीसुद्धा गोलगोलच लिहीन. तो प्रश्न इतका रुंद आहे की त्यात पाय टेकायला जागाच सापडत नाही, आणि मग मुलं दुसऱ्याचं वाक्य उचलतात. त्या गठ्ठ्याचं काय करू असंही तुम्ही विचारलंय. शेरा न मारता परत देऊन टाका. कुणी कुणाचं उतरवलं याची चौकशी करत बसाल तर दोन तास जातील आणि हाती काही लागणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना स्वतःच्या शिकण्याकडे बघायला लावायचं असेल तर समोर एक नुकतीच घडलेली, बोट ठेवता येईल अशी गोष्ट हवी: आत्ता सोडवलेलं गणित, काल परत मिळालेला पेपर, परवा पाहिलेला लिलाव. आणि त्यांनी जे लिहिलं त्यामुळे तुमच्या पुढच्या तासात काहीतरी हललेलं त्यांना दिसलं पाहिजे. मुलं फार हिशेबी असतात. लिहून काही होत नाही हे एकदा कळलं की पुढच्या वेळी ती तुम्हाला हवं ते लिहून देतात आणि मोकळी होतात.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते.

पाठकोऱ्या कागदांचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करून घ्या. ऑफिसात रद्दी भरपूर पडलेली असते. तासात एकदा तो तुकडा द्यायचा आणि एकच प्रश्न: ‘आजच्या गणितात कोणत्या पायरीला अडलात? ती पायरी लिहा, आणि तिथं डोक्यात काय आलं ते लिहा.’ दोन ओळी, तीन मिनिटं, हातानं, वर्गातच. प्रशिक्षणात सांगतात की हे तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत करा. आपल्याकडे शेवटची पाच मिनिटं तुमची नसतात. मोहोळची, मंगळवेढ्याची, अक्कलकोटची मुलं एसटीच्या वेळेवर बसलेली असतात. शेवटचा तास असेल तर दहा मिनिटं आधीच बॅगांच्या चेन वाजायला लागतात. त्या घाईत चिठ्ठीवर ‘सगळं समजलं’ याखेरीज काही येत नाही. म्हणून तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असो की साठचा, चिठ्ठी मध्यावर घ्या, गणित संपल्या संपल्या. त्याचा आणखी एक फायदा असा की चिठ्ठ्या गोळा करता करता चार नजरेखालून जातात आणि उरलेल्या तासातच तुम्हाला दुरुस्ती करता येते.

एक उदाहरण जवळून सांगतो, म्हणजे चिठ्ठीत किती ऐवज असू शकतो ते दिसेल. प्रोसेस कॉस्टिंगचं, म्हणजे उत्पादनाच्या एकेका टप्प्याचा खर्च काढायचं, साधं गणित होतं. प्रोसेसला १,००० किलो सूत घातलं, सूत, मजुरी आणि बाकी खर्च मिळून १,९२,००० रुपये. नॉर्मल लॉस, म्हणजे कामात होणारच अशी घट, ५ टक्के, वेस्ट ४० रुपये किलोनं विकलं जातं. म्हणजे ५० किलोचे २,००० रुपये वजा, राहिले १,९०,०००. त्याला ९५० किलोनं भागलं की किलोला २०० रुपये. हातात माल आला ९४० किलो, म्हणून १० किलो ॲबनॉर्मल लॉस, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्तीची घट, त्याची किंमत २,००० रुपये. फळ्यावर सगळं जुळलं. मुलांनी उतरवून घेतलं. ‘समजलं का?’ विचारलं असतं तर एका सुरात ‘हो सर’ आलं असतं.

एका चिठ्ठीवर हे होतं: ‘५० किलो माल गेला तर त्याचा खर्चपण गेला पाहिजे. तो चांगल्या मालावर कशाला घालायचा. आणि मग १० किलोचा का नाही घालायचा. दोन्ही वेस्टच आहे.’

हा मुलगा दुपारनंतर टॉवेलच्या कारखान्यात जायचा. त्याची शंका अगदी बरोबर जागेवर होती. नॉर्मल आणि ॲबनॉर्मल यांतला फरक पाठ करणाऱ्या मुलांना ती पडत नाही. दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात मी त्या चिठ्ठीनं केली, नाव न घेता. फळ्यावर ती वाक्यं जशीच्या तशी लिहिली आणि वर्गाला विचारलं, कारखानदार टॉवेलचा भाव काढताना १,००० किलो धरेल की ९५०? मागून तोच बोलला: ‘साडेनऊशेच. सूत घेतानाच घट धरत्यात.’ मग विचारलं, आणि मागावर सुताचं बीम लावताना पोराच्या हातून सूत गुंतून दहा किलो वाया गेलं तर? तो म्हणाला, ‘ते गिऱ्हाईक कशाला देईल? ते पोराच्या पगारातून जातं, नाहीतर मालकाच्या खिशातून.’ वर्ग हसला. मी एवढंच केलं की त्या ‘मालकाच्या खिशाला’ कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉस अकाउंट असं नाव दिलं, वेस्टचे ४०० रुपये वजा केले आणि १,६०० तिकडे नेले. घट सगळ्यांनाच धरावी लागते म्हणून ती भावात बसते. निष्काळजीपणाचा भुर्दंड बाजार उचलत नाही, म्हणून त्याचं खातं वेगळं. नोट्समधल्या व्याख्येचीही त्यानंतर गरज उरली नाही.

यात मुलगा हुशार होता एवढीच गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चिठ्ठी आली, ही खरी घटना होती. त्यानंतर चिठ्ठ्यांची जात बदलते. ‘सगळं समजलं’ कमी होतं, ‘ही ओळ कुठून आली’ वाढतं. म्हणून एक नियम स्वतःला घालून घ्या: प्रत्येक तासाची पहिली दोन मिनिटं मागच्या चिठ्ठ्यांची. ‘बऱ्याच जणांना स्क्रॅप कुठल्या बाजूला जातं ते कळलं नव्हतं, म्हणून आज एक छोटं गणित आधी करू.’ एवढं पुरतं. जे बदलता येत नाही तेही सांगा. ‘इंग्रजी पेपरमधला प्रश्न मराठीत द्या असं काहींनी लिहिलंय, माध्यम बदलणं माझ्या हातात नाही, पण नेहमी येणारे वीस शब्द मी उद्या मराठीत समजावून देईन.’ मुलांना नकार चालतो. दुर्लक्ष चालत नाही.

सत्तर चिठ्ठ्या वाचायच्या कधी, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, आणि सीएचबीवर असलेल्या माणसानं तो विचारलाच पाहिजे. सगळ्या वाचायच्या नाहीत, चाळायच्या. स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत तीन ढीग: ज्यांना कळलंय, जे एकाच ठिकाणी अडलेत, आणि तिसरा ढीग नवल वाटावं अशांचा. तिसऱ्यात चार-पाचच निघतात. तेवढ्या नीट वाचा. प्रत्येकाला उत्तर लिहायच्या फंदात पडू नका, दुसऱ्या आठवड्यात दम लागेल. आणि रोज घेऊ नका. आठवड्यातून एकदा पुरे, नवा भाग सुरू असेल तर दोनदा.

भाषेबद्दल एक. आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली घरांतली मुलं आहेत, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कन्नड बोलणारी आहेत, उर्दू माध्यमातून आलेल्या मुली आहेत, आणि पुस्तक इंग्रजी. त्यामुळं ‘शुद्ध लिहा’ ही अट घातलीत की निम्मा वर्ग आपोआप बाहेर पडला म्हणून समजा. मराठीत लिहा, मोडक्या इंग्रजीत लिहा, आकडे आणि बाण काढा, उर्दूत लिहून शेजारणीकडून वाचून दाखवा, काहीही चालेल असं पहिल्याच दिवशी सांगा. चिठ्ठीतलं शुद्धलेखन कधीही सुधारू नका. लाल पेन त्या कागदाजवळ नेऊच नका.

आता वर्गातल्या शांततेकडे. आपण प्रश्न विचारून किती थांबतो हे कधी मोजून बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात शाळांतले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असं तिला आढळलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं की उत्तरं लांब आणि सकारण व्हायची आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायची. हे शाळेचं असलं तरी कॉलेजातला आपला अनुभव काही वेगळा नाही. तीन सेकंद शांतता सहन करणं शिक्षकालाच जड जातं. मी त्या वेळात फळा पुसायला घ्यायचो, म्हणजे तोंड आपोआप बंद राहतं.

पण फक्त थांबून भागणार नाही, कारण आपली मुलं चुकण्यापेक्षा हसं होण्याला भितात. इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला, मागून कुणी खाकरलं, की ते पोर वर्षभर बोलत नाही. म्हणून आधी शेजाऱ्याशी बोलायला लावा, दीड मिनिट. मग ‘तुझं उत्तर काय?’ असं न विचारता ‘तुझा शेजारी काय म्हणाला?’ असं विचारा. चूक निघाली तर ती शेजाऱ्याची, आणि शेजारी लगेच ‘मी असं नव्हतो म्हणालो’ म्हणून उठतो. तिथं चर्चा सुरू झाली. पर्यायी प्रश्न असेल तर बोटं छातीशी धरून दाखवायला सांगा, एक ते चार. मागच्यांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी फिजिक्सच्या मोठ्या वर्गांत हीच रीत रुळवली: आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याला पटवणं, मग पुन्हा उत्तर. त्याला ना प्रोजेक्टर लागतो ना ॲप. वीज गेली तरी चालतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे ती जातेच.

यावर एक तक्रार नक्की येईल, तयार राहा: ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात.’ ट्यूशनमध्ये सर लिहून देतात, मुलं उतरवतात, त्यामुळं उतरवून झालं म्हणजे शिकून झालं असं त्यांना वाटतं. ही समजूत सोलापूरच्याच मुलांची आहे असं नाही. लुई डेलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. स्वतः गणितं सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त आलं, पण ‘मी जास्त शिकलो’ असं मात्र गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं. डोकं खाजवावं लागलं की माणसाला वाटतं आपल्याला येत नाही. हे मुलांना सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाका, अगदी या अभ्यासाच्या दाखल्यासह. विभागप्रमुखांनाही सांगा, कारण तक्रार आधी तिकडेच पोचते.

माझ्या मते सगळ्यात जास्त काम करणारी गोष्ट मात्र चाचणीनंतरचं एक पान. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्शा लव्हेट यांनी याला एक्झॅम रॅपर म्हणून रूप दिलं. पेपर परत देताना त्याच्यासोबत एक कागद द्यायचा. त्यावर: अभ्यासाला साधारण किती वेळ दिला, त्यातला किती वेळ सोडवलेलं गणित वाचण्यात गेला आणि किती कोऱ्या कागदावर स्वतः सोडवण्यात, गेलेले मार्क कशामुळे गेले, म्हणजे प्रश्नच कळला नाही, पद्धत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली की वेळ पुरला नाही, आणि पुढच्या चाचणीआधी एक कोणती गोष्ट वेगळी करणार. पंधरा मिनिटांत भरून होतं.

बहुतेक पानांवर एकच चित्र निघतं. चार तास अभ्यास, त्यातले साडेतीन गाइडमधलं सोडवलेलं गणित बघण्यात. वाचताना प्रत्येक पायरी पटते, म्हणून येतंय असं वाटतं. कोरा कागद समोर आला की पहिली ओळ सुचत नाही. हे मी शंभर वेळा वर्गात ओरडून सांगितलं असतं तरी कानावरून गेलं असतं. स्वतःच्या हातानं ‘साडेतीन’ आणि ‘अर्धा’ लिहिल्यावर मुलं स्वतःच कागदाकडे बघत बसतात. आणि इथं एक गोष्ट चुकवू नका: ती पानं गोळा करून जपून ठेवा आणि पुढच्या चाचणीच्या आठवडाभर आधी ज्याची त्याला परत द्या. ‘रोज एक गणित न बघता सोडवीन’ असं स्वतःचंच अक्षर समोर येतं. पान परत दिलं नाही तर तो नवीन वर्षाचा संकल्प होऊन जातो.

चिंतनासाठी गिब्जचं सहा टप्प्यांचं चक्र वापरू का, असं तुम्ही विचारलंय. १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी ते मांडलं: काय घडलं, काय वाटलं, काय जमलं-फसलं, का, निष्कर्ष, पुढं काय. नर्सिंगला, बी.एड.ला ते चांगलं, कारण तिथं रोज एक प्रसंग घडतो, रुग्ण असतो, पाठ घेतलेला असतो. बी.कॉम.च्या मुलाला ‘नॉर्मल लॉस शिकताना तुम्हाला काय वाटलं’ असं विचारलं तर तो ‘आनंद वाटला’ लिहील. सहा चौकटी दिल्या की त्या भरल्या जातात, सरकारी अर्जासारख्या. त्यापेक्षा टेरी बोर्टन यांचे १९७०चे तीन प्रश्न पुरेत: काय झालं, त्यातून काय, आता काय.

मार्क द्यायचे का? मुलं हे पहिल्याच मिनिटाला विचारणार. अंतर्गत गुणांत बसवायचंच असेल तर लिहिलं की पूर्ण, नाही लिहिलं की शून्य, मधलं काही नको. लिखाणाचा दर्जा तोलायला लागलात की मुलं तुम्हाला आवडेल असं लिहायला लागतात, खरं लिहायचं बंद होतं. दुसरंही एक कारण आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना मार्क आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांचं तसं सुधारलं नाही. मार्क दिसले की शेरा कुणी वाचत नाही. तुमच्या माझ्या गुणपत्रिकेचंही तेच होतं.

फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, हे मात्र वेगळं प्रकरण, आणि तिथं संधी खरी मोठी आहे. धोरणामुळे हे श्रेयांक आता सगळ्यांनाच घ्यावे लागतात, आणि आपल्याकडे त्याचा शेवट काय होतो ते तुम्ही पाहिलंच असेल: स्पायरल बाइंडिंग, आभाराचं पान, ‘संस्थेचा इतिहास’ नेटवरून, आणि शेवटी ‘खूप काही शिकायला मिळाले’. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरतं निघालं, याचा इथं फायदा घ्या. वर्गातल्या प्रत्येकाला मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब, शहरातले लूम, पंढरीची वारी आणि मार्केट यार्डातला कांदा माहीत असतो. एकानं आणलेल्या कागदावर बाकीचे बोलू शकतात, ही चैन मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांना नसते.

एक विद्यार्थिनी फील्ड प्रोजेक्टसाठी कांद्याच्या लिलावाला जाऊन आली. तिनं पहिल्यांदा आणलं ते असं: ‘आज मी बाजार समितीला भेट दिली. तेथील कामकाजाची माहिती घेतली. सर्वांनी चांगले सहकार्य केले.’ यात खोटं काही नाही, पण हे न जाताही लिहिता आलं असतं. तिला म्हटलं, वडिलांची एखादी जुनी पट्टी, म्हणजे माल विकल्यावर अडत्यानं दिलेला हिशेबाचा कागद, घरी असेल तर आण. ती घेऊन आली. मग एकच काम दिलं: यातली अशी एक ओळ शोध जिथं तू थांबलीस, आणि का थांबलीस ते लिही. हमाली, तोलाई, मोटारभाडं असं सगळं त्या पट्टीवर वजा होतं. दोन दिवसांनी तिनं लिहून आणलं: ‘मोटारभाडं पिशवीवर आहे, भावावर नाही. कांदा पंधरा रुपये गेला तरी भाडं तेवढंच आणि दोन रुपये गेला तरी तेवढंच. म्हणून भाव निम्मा झाला तर पप्पांच्या हातात निम्मे येत नाहीत, निम्म्याहून कमी येतात.’

कॉस्टिंगच्या शिक्षकाला आणखी काय हवं? २०२३च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापुरात विकलेल्या ५१२ किलो कांद्याचे, सगळं वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाल्याची बातमी देशभर गाजली होती. भाव होता किलोला एक रुपया. ती बातमी मी तिच्या निरीक्षणानंतर वर्गात काढली, आधी काढली असती तर सगळ्यांनी तीच लिहिली असती. त्या दिवशी मला फारसं बोलावंच लागलं नाही. प्रत्येकाच्या घरी पट्ट्या होत्या.

चॅटजीपीटीचं उत्तरही यातच आलं, म्हणून त्यावर वेगळं लांबण लावत नाही. घरी लिहून आणायला सांगितलेलं सगळं आता यंत्राचंही असू शकतं, ते पकडायच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. वर्गात हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि एखादा खरा कागद, पट्टी, चलन, मजुरीची नोंदवही, एवढं असलं की तीन मिनिटांच्या तोंडीत कळतं. ‘ही हमालीची ओळ कशी आकारतात?’ असं विचारलं की जो गेला होता तो सांगतो.

एक सावधगिरी. मुलं लिहायला लागली की कधी कधी नको ते लिहितात. लग्न ठरवतायत, फी भरायला पैसे नाहीत, घरी रात्री विड्या वळायला बसावं लागतं म्हणून झोप होत नाही. हे तुम्ही मागितलेलं नसतं, पण आलं तर ते विश्वासानं आलेलं असतं. ती चिठ्ठी ढिगातून बाजूला काढा, वर्गात तिचा उल्लेखही नको, नाव झाकूनसुद्धा नको, कारण मुलं अक्षर ओळखतात. त्या मुलाला किंवा मुलीला वेगळं भेटा, आणि प्रकरण तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर कॉलेजात जी मॅडम अशा वेळी खरंच धावून जाते तिच्याकडे न्या. ती कोण हे शिपाईसुद्धा सांगेल. आणि म्हणूनच चिठ्ठीतला प्रश्न गणिताबद्दल ठेवा, भावनांबद्दल नको.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीचं तुम्ही शेवटी विचारलंय. तिची काळजी करू नका, ती फाइल या कामातून आपोआप तयार होते. महिन्यातून एकदा एका पानावर तीन रकाने: मुलांनी काय लिहिलं, तुम्ही काय बदललं, पुढच्या चाचणीत काय दिसलं. यालाच ते फीडबॅक आणि ॲक्शन टेकन म्हणतात. दोन-चार चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स लावा, नावं झाकून. पोर्शन मागं पडेल अशी भीती वाटत असेल तर लिहून द्यायच्या नोट्स कमी करा. व्याख्या पुस्तकात आहेत, त्या फळ्यावरून उतरवण्यात तासाचा तिसरा हिस्सा जातो.

सुरुवात कधी करायची? दुसऱ्या सत्रात संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागते आणि वर्ग ओस पडतात, तेव्हा नवं काही काढू नका. यात्रा उलगडल्यावर पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या सुरू करा, पहिल्या चाचणीला ते पान जोडा. बऱ्याच कॉलेजांत अंतर्गत चाचणीचे पेपर मुलांना परत देत नाहीत, परीक्षा विभागात जमा करतात. तुमच्याकडे तसं असेल तर प्राचार्यांकडून आधीच परवानगी घ्या की पेपर एका तासापुरते वर्गात वाटून पुन्हा गोळा करीन. लेखी अर्ज द्या, त्यावर सही घ्या. सीएचबीवर असताना तोंडी परवानगीवर विसंबू नये.